लाल रंग निळा झाला, म्हणजे पाणी वाईट?

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि आपण

गेल्या अंकात बोअर आणि हापशांच्या पाण्यात शिसं, पारा, आर्सेनिक कुठून येतात ते लिहिलं होतं. शेवटी, पाण्यात असा धातू आला की रंग बदलणाऱ्या सोन्याच्या नॅनोकणांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, चाचणीचा दोन ओळींचा उल्लेख होता. आलेली बहुतेक पत्रं त्या दोन ओळींवरच आहेत. त्यातली काही इथे घेते. जिल्हा पाणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे उत्तरं त्या टेबलावरूनच येणार.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. काचेच्या नळीत कोकमाच्या आगळासारखं लाल पाणी होतं. त्यात साधं पाणी घातलं तर रंग तसाच राहिला. पारा असलेलं पाणी घातलं तर सगळं जांभळट निळं झालं. त्या लाल पाण्यात म्हणे सोनं असतं. सोनं लाल कसं असेल? आणि हे खरं असेल तर आमच्यासारख्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरी ही नळी का नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दाखवलं ते खरं आहे, आणि सोनंही खरंच असतं. मायकेल फॅरडे यांनी 1857 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असे माणकासारखे लाल द्रव तयार केले होते. त्यांच्या काही बाटल्या आजही तिथे जपून ठेवल्या आहेत. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे, हे त्यांनी ओळखलं. त्यात मीठ घातलं की लाल द्रव निळा होतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. ही मिठाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाचणीत वापरतात ते कण साधारण 13 नॅनोमीटरचे असतात. एक मिलिमीटर लांबीत असे पाऊण लाखाहून जास्त कण ओळीने बसतील. सोन्याचा तुकडा इतका लहान झाला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावतात आणि हिरवा प्रकाश, म्हणजे सुमारे 520 नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात. मग नारिंगी-लाल प्रकाश शोषला जातो आणि द्रव निळसर दिसतो. म्हणजे रंग ठरतो तो कणांमधल्या अंतरावरून. कण कशाने जवळ आले, हे रंग सांगत नाही.

आता धातूचं काम. कणांवर अशा रेणूंचा थर चढवायचा, की ठराविक धातू आला तर तो दोन कणांना एकत्र धरून ठेवेल. 2001 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आम्लगटाची शेपटी असलेले रेणू सोन्यावर बसवून शिसं, कॅडमियम आणि पारा असे रंगाने दाखवण्यात आले. पण तिन्ही धातू एकच रंग देत होते. यातला नेमका कोणता, हे कळायला आणखी हुशार पकड हवी होती. ती 2007 मध्ये त्याच विद्यापीठातल्या चॅड मर्किन यांच्या गटाने डीएनएमधून घेतली. डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये थायमिन या घटकासमोर थायमिनच आलं तर त्यांची जोडी जमत नाही. पाऱ्याचा आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेला भारित कण, मात्र बरोबर त्या फटीत बसतो आणि जोडी पक्की करतो. धाग्यांनी बांधलेले सोन्याचे कण ठराविक तापमानापर्यंत तापवले की पारा नसताना सुटतात आणि द्रव लाल होतो. पारा असेल तर त्याच तापमानाला ते बांधलेलेच राहतात आणि द्रव जांभळा दिसतो. नोकरीच्या काळात हे पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी घरी सगळ्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. इतकी सुंदर युक्ती मी क्वचित पाहिली आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, ही नळी घरोघरी का नाही? त्या चाचणीला कळणारा सर्वांत कमी पारा होता लिटरला सुमारे 20 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पाऱ्याची मर्यादा आहे लिटरला 1 मायक्रोग्रॅम. लिटरला 15 मायक्रोग्रॅम पारा असलेलं पाणी, मर्यादेच्या पंधरापट, या चाचणीत पारा नसल्यासारखंच दिसेल. नंतर अनेकांनी हा आकडा खूप खाली आणला आहे, पण बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात. तुमच्या भागातल्या नाल्याजवळच्या बोअरमध्ये क्षार असतात, गाळ असतो, सेंद्रिय घाण असते. तिथे तेच कण वेगळे वागतात. संशोधन खोटं नाही. पण शुद्ध पाण्यातल्या नळीपासून तुमच्या बोअरपर्यंतचा रस्ता अजून पूर्ण झालेला नाही, आणि व्हिडिओ करणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनात सोन्याच्या कणांनी शिसं ओळखायचा प्रयोग करायचा आहे. सोन्याचे कण घरी बनवता येतील का? किती खर्च येईल?
— सांगली

उत्तर : कण बनवायची पद्धत सोपी आहे. जॉन टर्केविच यांनी ती 1951 मध्ये नीट बसवून दिली आणि आजही जगभर तीच वापरतात. गोल्ड क्लोराइडचं अगदी पातळ द्रावण उकळायचं आणि जोरात ढवळत असताना त्यात ट्रायसोडियम सायट्रेट घालायचं. फिकट पिवळा रंग जातो, मग द्रावण काळपट होतं आणि काही मिनिटांत वाइनसारखा लाल रंग येतो. तो क्षण बघण्यासारखा असतो. पण घरी करू नकोस. काचेची भांडी त्याआधी तीव्र आम्लांच्या मिश्रणाने धुवावी लागतात आणि ते काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांसमोर, चष्मा आणि हातमोजे घालूनच करायचं.

खर्चाची भीती वाटते तेवढी खरी नाही. गोल्ड क्लोराइडची एक ग्रॅमची बाटली हजारांत जाते, हे खरं. पण नेहमीच्या कृतीत 100 मिलिलिटर लाल द्रवात सोनं असतं फक्त 20 मिलिग्रॅमच्या आसपास. आजीला विचार, एक गुंज म्हणजे साधारण 120 मिलिग्रॅम. एका चाचणीला एक मिलिलिटर धरलास तर एका गुंजेत 600 चाचण्या होतात. कॉलेजने एक बाटली घेतली तर पुढच्या बऱ्याच तुकड्यांना पुरेल.

शिशाचे क्षार मात्र प्रदर्शनात आणू नकोस. लहान मुलं सगळीकडे हात लावतात. त्याऐवजी मी सांगते तो प्रयोग कर, तो शिशाच्या प्रयोगापेक्षा जास्त शिकवतो. चार नळ्यांत लाल द्रव घे. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर घाल, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत तुमच्या विहिरीचं पाणी आणि चौथीत उकळून गाळलेलं तेच विहिरीचं पाणी. मिठाची नळी निळी होईल. विहिरीचं पाणी कडक असेल तर तिसरीही निळसर होऊ शकते. त्यात शिसं असेलच असं नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तेच करतात. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. क्षार आले की तो भार झाकला जातो आणि कण चिकटतात. चौथी नळी तिसरीपेक्षा कमी निळी झाली, तर का झाली याचा विचार कर. उत्तर मी मुद्दाम देत नाही. परीक्षक विचारतील तेव्हा तुझं स्वतःचं उत्तर हवं.

आणि एक. "लाल म्हणजे चांगलं, निळं म्हणजे वाईट" असं फलकावर लिहू नकोस. 2003 मध्ये इलिनॉय विद्यापीठात यी लू आणि त्यांच्या सहकाऱ्याने शिशासाठी जी चाचणी केली, त्यात गोष्ट उलट होती. कण आधीच डीएनएने बांधलेले, म्हणून निळे. शिसं आलं की एक खास डीएनए तो धागा कापतं, कण सुटतात आणि रंग लाल होतो. तिथे लाल रंग म्हणजे शिसं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर दोन्हींचं पाणी मिसळतं. ऑनलाइन शिशाच्या पट्ट्या मागवल्या. पट्टीला रंग आला नाही. टीडीएस मीटर 310 दाखवतो. म्हणजे पाणी चांगलं समजायचं ना?
— खराडी, पुणे

उत्तर : आधी टीडीएस मीटर बाजूला ठेवा. तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो, लिटरला मिलिग्रॅममध्ये. शिशाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. 310 मध्ये 0.01 वाढलं की कमी झालं, हे त्या मीटरला कधीच कळणार नाही. टीडीएस 50 असलेल्या पाण्यातही शिसं असू शकतं.

पट्टीच्या खोक्यावर रंगांचा तक्ता असतो. शून्यानंतरचा सर्वांत खालचा आकडा वाचा. तो 0.01 पेक्षा मोठा असेल, तर रंग न येणं याचा अर्थ "त्या आकड्यापेक्षा कमी" एवढाच. मर्यादेच्या आत आहे असं नाही. असा तक्ताच नसेल, नुसतं "सेफ" आणि "अनसेफ" लिहिलं असेल, तर ती पट्टी पुन्हा मागवू नका.

सोसायटीत शिसं बहुतेक वेळा जमिनीतून येत नाही. ते नळाच्या पितळी भागातून, जुन्या जोडकामातून, काही पीव्हीसी पाइपांतून येतं. पाइप तयार करताना त्यात शिशाचे क्षार मिसळत. केंद्र सरकारने 2021 मध्ये त्यावर नियम केले, पण तुमच्या इमारतीतले पाइप त्याआधीचे असतील. म्हणून नमुना दोनदा घ्या. पहिला सकाळी उठल्याबरोबर, रात्रभर नळात साचलेल्या पाण्याचा. दुसरा पाणी चार-पाच मिनिटं वाहू दिल्यावरचा. दोन्हींत फरक पडला तर दोष पाइप-नळात आहे. दोन्हींत सारखंच शिसं निघालं तर टाकी, बोअर किंवा टँकर बघा. आणि घरात लहान मूल असेल तर निकाल येईपर्यंत सकाळचं पहिलं पाणी झाडांना घाला. मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित मानावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. पाणी उकळून शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.

प्रश्न : तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं तर जड धातू निघून जातात का? आणि तुरटीने?
— कराड

उत्तर : नाही. तांब्याने काही जंतू मरतात आणि तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेल्या शिशावर या दोन्हींचा भरवसा धरू नका.

प्रश्न : ताई, मी बचत गटातली. पाणी तपासायच्या प्रशिक्षणाला गावातून आम्ही पाच जणी गेलो होतो. पेटी मिळाली. फ्लोराइड, नायट्रेट, कडकपणा, पीएच मी तपासते. आमच्याकडे फ्लोराइड फार आहे, म्हणून लोक आता माझं ऐकतात. पण गावाच्या टोकाला एक जण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतो. त्याच्या मागेच एक हापसा आहे. शिशाची बाटली माझ्या पेटीत नाही. मी काय करू?
— जि. यवतमाळ

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बॅटऱ्या फोडण्याची जागा आणि हापसा, ही सांगड तुमच्या लक्षात आली, हीच मोठी तपासणी झाली. पेटीत नसलेली गोष्ट शोधायला पेटी उपयोगी पडत नाही, आणि पेटीत ती नाही हे ओळखून तुम्ही पत्र लिहिलंत.

तुमच्या हातातलं एक साधन तरीही इथे कामाचं आहे. बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं. शिसं एरवी मातीला चिकटून बसतं, लांब जात नाही. आम्लाबरोबर ते सुटतं आणि खाली उतरतं. त्या हापशाच्या पाण्याचा पीएच बघा (पाणी जितकं आम्ल, तितका हा आकडा खाली) आणि त्याच दिवशी गावातल्या दुसऱ्या दोन हापशांचाही बघा. मानकाप्रमाणे तो 6.5 ते 8.5 असावा. या एकाच हापशाचा पीएच बाकीच्यांपेक्षा खाली असेल, तर त्याचं पाणी पिणं आजच थांबवायला सांगा, निकालाची वाट न बघता. पीएच ठीक असला तरी मात्र "शिसं नाही" असं म्हणू नका.

मग नमुना. धातूंसाठी नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यायचा असतो, आणि माझा आग्रह इथे सगळ्यांत जास्त आहे. माझ्या टेबलावर लोणच्याच्या बरणीतून, सरबताच्या बाटलीतून, औषधाच्या बाटलीतून पाणी यायचं. माणसं उन्हातून पायपीट करून आणायची, आणि तो नमुना धातूंसाठी घेता येत नाही हे सांगताना जीव तुटायचा. साध्या बाटलीत ठेवलं की शिसं बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतं आणि निकालात कमी दिसतं. म्हणून जिल्हा प्रयोगशाळेला आधी फोन करा आणि "शिसं आणि कॅडमियम तपासायचं आहे, नायट्रिक आम्ल घातलेली बाटली द्या" असं सांगा. ती प्लॅस्टिकची बाटली मिळाली की विसळायची नाही, आतलं आम्ल सांडायचं नाही, हाताला लागू द्यायचं नाही. हापसा थोडा वेळ हापसून मग पाणी भरा. बाटलीवर गाव, हापशाची जागा, तारीख आणि वेळ लिहा. अर्जावर "शिसे, कॅडमियम" असे शब्द लिहायला विसरू नका. नुसतं "पाणी तपासणी" लिहिलं तर नेहमीच्या तपासण्या होतील आणि अहवाल येईल की पाणी पिण्यायोग्य आहे.

पाण्यापेक्षा मोठी काळजी मला त्या जागेच्या मातीची वाटते. बॅटरी फोडताना आणि शिसं वितळवताना जी धूळ आणि धूर उडतो, तो अंगणात, कपड्यांवर, मुलांच्या हातांवर बसतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवतं आणि ते तिथे वर्षानुवर्षं राहतं. त्या घरातली आणि शेजारची पाच वर्षांखालची मुलं आधी बघा. पोट दुखणं, चिडचिड, रक्त कमी असणं, अभ्यासात मागे पडणं अशा तक्रारी असोत वा नसोत, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये रक्तातल्या शिशाची तपासणी होईल का हे आशाताईंमार्फत विचारा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटऱ्यांचा पुनर्वापर नोंदणी असलेल्याच जागी व्हायला हवा. ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पाठवा. तो माणूसही पोट भरायलाच हे करत असेल आणि त्याचीच मुलं सगळ्यांत जास्त शिसं घेत असतील. त्याच्याशी बोलताना सुरुवात तिथून करा.

आता सोन्याच्या कणांचं. मला ही चाचणी हवी आहे ती तुमच्या पेटीत, डोंबिवली-पुण्याच्या स्वयंपाकघरात नंतर. घरात एक नळ असतो, त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. तुमच्याकडे पाच-दहा हापसे, दोन विहिरी, शाळेची टाकी. प्रत्येकाचा धातूंचा नमुना पाठवणं परवडत नाही. तिथे एखाद्या कुपीने "आधी हे दोन पाठवा" एवढं जरी सांगितलं, तरी महिन्यांचा वेळ वाचेल. तुमच्या भागातलं पाणी कडक असतं. त्या कडकपणाला न फसणारी कुपी ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी ती तुमच्यासारखीच्या हातात आधी द्यावी असं मला वाटतं.

प्रश्न : यजमानांची रेल्वेत बदली झाल्याने आम्ही सध्या पश्चिम बंगालमध्ये मालदा इथे आहोत. घरी मदतीला येणाऱ्या मावशी जवळच्या खेड्यातल्या आहेत. त्या सांगतात, त्यांच्या ट्यूबवेलला आर्सेनिकमुळे लाल खूण केली होती, शेजारच्याला नाही, आणि दोन्हींमध्ये अंगणाएवढंच अंतर आहे. असं कसं होईल? त्या शेजारचं पाणी भरतात. ते चालेल का?
— मालदा

उत्तर : होतं असं, आणि मावशी करतात ते बरोबर आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळात लोहाच्या संयुगांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की ते लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. गाळाचे थर जागोजागी बदलतात, नळ्यांची खोलीही वेगळी असते, म्हणून दोन शेजाऱ्यांच्या पाण्यात दहापट फरक पडू शकतो. पश्चिम बंगालमधले आर्सेनिकबाधेचे पहिले रुग्ण 1983 मध्ये कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहा यांनी ओळखले. पुढे बांगलादेशात जवळपास पन्नास लाख ट्यूबवेल तपासून लाल किंवा हिरव्या रंगवल्या गेल्या. तो जगातला रंगचाचणीचा सर्वांत मोठा वापर असावा. त्यात सोन्याचे कण नव्हते. पाण्यात जस्त आणि आम्ल घालून आर्सेनिकचा वायू करायचा आणि तो पाऱ्याच्या क्षाराने भिजवलेल्या कागदावर धरायचा. कागद पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत जितका गडद, तितकं आर्सेनिक जास्त. त्या साध्या कागदाने असंख्य बायकांना शेजारच्या नळावर पाठवलं.

एक गोष्ट मात्र तपासा. बांगलादेशात लाल-हिरवं ठरवताना मर्यादा धरली होती लिटरला 50 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 1993 पासून 10 सांगते आणि आपल्या मानकातही 10 आहे. म्हणजे 40 मायक्रोग्रॅमचं पाणी त्या मोजणीत हिरवंच राहतं. मावशींच्या शेजारच्या नळाला कुठल्या साली, कुठली मर्यादा धरून सोडलं, हे पंचायतीत किंवा ब्लॉक कार्यालयात विचारा आणि रंग न विचारता आकडा विचारा. आकडा नसेल तर सरकारी प्रयोगशाळेत नवा नमुना द्या. त्याची फी तुम्ही भरलीत तर मावशींवर भार पडणार नाही. तळहात-तळपायावर खरखरीत गाठी किंवा छातीवर पावसाच्या थेंबांसारखे फिकट-गडद ठिपके दिसत असतील, तर त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेऊन किती वर्षं कुठलं पाणी प्यायल्या ते सांगा. स्वयंपाकाचं पाणीही शेजारच्याच नळाचं हवं. भात शिजताना पाणी शोषून घेतो, आणि त्याबरोबर त्यातलं आर्सेनिकही.